तारा बदलण्याआधी

जुना ग्रँड पियानो घरात आला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याच्या सगळ्या तारा बदलायला किती खर्च येईल? प्रश्न स्वाभाविकच आहे. झाकण उचललं की आधी नजरेत भरतात त्या गंजून तपकिरी पडलेल्या तारा, आणि दुखणं तिथेच असणार असं वाटतं. पियानोचा मुरलेला कारागीर मात्र तारांकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी तो जमिनीवर उताणा पडून पियानोच्या पोटात बॅटरी मारतो, लाकडाला चीर गेली आहे का ते पाहतो, दोन-चार खुंट्या किल्लीने किंचित फिरवून त्यांची पकड अजमावतो. मग विचारतो, "हा आधी कुठल्या गावात होता?"

तार नवी मिळते, आणि दुरुस्तीच्या एकूण हिशेबात ती तुलनेने स्वस्तही पडते. शंभर वर्षांचं लाकूड मात्र तेच राहतं. नव्या तारांची ओढ ते पेलेल का आणि आता ज्या हवेत त्याला राहायचं आहे ती त्याला मानवेल का, हे ओळखणं हेच या कामातलं खरं कसब. दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला, द्वारकेच्या एखाद्या सोसायटीत पियानो येतो तेव्हा तर हा प्रश्न टाळताच येत नाही. कारण तिथली हवा वर्षातून दोनदा टोक गाठते.

सतरा टनांची ओढ

पियानोला पट्ट्या ८८, पण तारा साधारण २३०. अगदी खालच्या खर्जात पट्टीमागे एकच जाड तार, पुढे काही पट्ट्यांना दोन, आणि तिथून वर थेट शेवटपर्यंत तीन-तीन. बारीक तारेचा आवाज एकटीने पुरत नाही, म्हणून तीन तारा एकाच स्वरात मिळवून त्यांवर एक हातोडी मारायची. प्रत्येक तार सरासरी ७० ते ८० किलोंच्या ओढीने ताणलेली असते. सगळ्यांची बेरीज सोळा-सतरा टनांच्या घरात जाते. मोठ्या सभागृहातल्या पियानोत ती वीस टनांपर्यंत पोचते. कोणी वाजवो न वाजवो, ही ओढ चोवीस तास चालू असते.

मिरजेचा तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना पियानोची अंगं ओळखीची वाटतील. तार एका टोकाला खुंटीभोवती गुंडाळलेली असते, मध्ये घोडीवरून जाते, आणि घोडीखाली पातळ लाकडाची तबली असते. तारेचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण. तो तबली मोठा करते. पियानोची तबली स्प्रूसच्या अरुंद फळ्या एकमेकींना चिकटवून केलेली, जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीची असते. खालून आडव्या आधारपट्ट्या चिकटवून तिला किंचित फुगवटा दिलेला असतो. त्या फुगवट्यामुळे ती घोडीला खालून वर रेटत राहते आणि तारा तिला वरून दाबत राहतात. हा तोल टिकतो तोवर पियानोचा आवाज भरदार राहतो. फुगवटा बसला की तारा कितीही नव्या घाला, आवाज बोदाच येतो.

सतरा टन पेलणं लाकडाच्या आवाक्यातलं नाही. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पहिला पियानो केला तेव्हा सगळा सांगाडा लाकडी होता आणि तारा बारीक होत्या. पुढे सभागृहं वाढली, मोठ्या आवाजाची मागणी आली, तारा जाड झाल्या आणि लाकडी सांगाडे वाकू लागले. १८२५ मध्ये बोस्टनच्या अल्फिअस बॅबकॉकने चौकोनी पियानोसाठी बिडाची एकसंध चौकट ओतली; १८४३ मध्ये त्याच शहरातल्या जोनास चिकरिंगने ती ग्रँड पियानोसाठी केली. १८५९ मध्ये स्टाइनवे घराण्याने ग्रँडमधल्या खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरक्या नेण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे कमी लांबीच्या पियानोत जास्त लांब तारा बसल्या. तारेचं पोलादही याच काळात सुधारलं. बर्मिंगहॅमच्या वेब्स्टर अँड हॉर्सफॉल या ज्या कारखान्याची पियानोची तार नावाजलेली होती, त्यानेच १८६६ च्या अटलांटिक तारायंत्र केबलसाठी पोलादी तार पुरवली.

हा इतिहास दुरुस्तीच्या कामाला थेट उपयोगी पडतो. १८८० ते १९३० या काळातल्या बहुतेक ग्रँड पियानोंची रचना आजच्या पियानोसारखीच आहे, म्हणून त्यांना आजची तार चालते. त्याआधीच्या, सरळ तारांच्या आणि अर्धवट लाकडी सांगाड्याच्या पियानोवर मात्र आजची जाड तार चढवली तर तो सांगाड्याच्या जोडांपासून उसवतो. अशा वाद्याला त्याच्या काळासारखी हलकी तार लागते. ती मिळत नसेल तर त्याला न वाजवता जपून ठेवणं बरं.

जहाजाने आलेलं लाकूड

आपल्याकडचे जुने पियानो जवळजवळ सगळे विलायती. ब्रॉडवुड, कोलार्ड अँड कोलार्ड आणि चॅपल ही लंडनची नावं. बेखश्टाइन बर्लिनचं, ब्ल्यूथनर लाइपझिगचं. बेखश्टाइन, ब्ल्यूथनर आणि न्यूयॉर्कचं स्टाइनवे ही तिन्ही घराणी एकाच वर्षी, १८५३ मध्ये सुरू झाली. ब्ल्यूथनरने १८७३ मध्ये वरच्या सप्तकांत प्रत्येक स्वराला एक चौथी तार जोडली. तिच्यावर हातोडी पडत नाही, शेजारच्या तारा वाजल्या की ती आपोआप झंकारते. सतारीची तरफ ज्याला माहीत आहे त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. पण तारा बदलणाऱ्याचं काम त्यामुळे वाढतं. या तरफेच्या तारा वेगळ्या मोजून वेगळ्या मागवाव्या लागतात.

उष्ण देशांत पाठवायचे पियानो कारखानदार थोडे वेगळे बांधत. सरस ओलाव्यात सुटतो, म्हणून जोडांना पितळी स्क्रूंची जोड द्यायची. हातोडीचं फेल्ट नुसतं न चिकटवता तारेने टाचायचं. पातळ व्हीनिअरऐवजी शक्य तिथे भरीव लाकूड वापरायचं. जुना पियानो खोलल्यावर हे पितळी स्क्रू दिसले की तो मुद्दाम वसाहतींसाठी बांधला होता हे कळतं.

मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोज या दुकानाचा इतिहास १८६५ पर्यंत मागे जातो. पारशी, ईस्ट इंडियन आणि गोवन घरांतून, शाळांतून आणि चर्चच्या सभागृहांतून हे पियानो पोचले. गोव्यात चांदोरच्या मिनेझेस ब्रागांझा वाड्यासारख्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांतही पियानो आला. दिल्लीत त्याची मागणी वाढली ती राजधानी तिथे गेल्यावर. १९११ मध्ये घोषणा झाली, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं, आणि बंगले, क्लब, हॉटेलं यांच्याबरोबर पियानोही आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लिश संगीतकार जॉन फोल्ड्स आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होता. कॅनॉट प्लेसच्या रीगल इमारतीतलं ए. गोडिन अँड कंपनी हे पियानोचं दुकान दिल्लीकरांच्या पिढ्यांना माहीत आहे.

द्वारका या कहाणीत फार उशिरा आली. पप्पनकलां नावाने आखलेली ही उपनगरी दिल्ली विकास प्राधिकरणाने शेतजमिनींवर उभी केली. तिथे मेट्रो पोचली ती २००५ च्या शेवटच्या दिवशी. तेव्हा द्वारकेत जन्मल्यापासून असलेला जुना पियानो असणं शक्यच नाही. तिथला प्रत्येक जुना पियानो दुसरीकडून आलेला: कोणाच्या गिरगावातल्या आजोळहून, कोणाच्या मडगावच्या घरातून, कोणाच्या कोलकात्याच्या वाड्यातून, नाहीतर दिल्लीतल्याच एखाद्या जुन्या बंगल्याच्या लिलावातून. कारागिराचा तो प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

दोन शहरं, दोन दुखणी

एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेले दोन पियानो घ्या. एक मुंबईत वाढला, दुसरा दिल्लीत. ऐंशी वर्षांनी दोघांची दुखणी वेगळी निघतात.

मुंबईची हवा बारा महिने दमट, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची. तिथे तारा गंजतात, खुंट्यांवर तांबूस पापुद्रे धरतात, पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, एक दाबली की वर यायला वेळ लावते. फेल्ट लोकरीचं, त्यामुळे त्याला कसर लागते. पण लाकूड फारसं तडकत नाही, कारण हवेतला ओलावा फार खाली जातच नाही.

दिल्लीत उलट. मे-जूनमध्ये लू वाहू लागली की दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच ऐंशीच्या वर जाते. मग हिवाळ्याचं धुकं, आणि त्या धुक्यावर उपाय म्हणून खोलीत लावलेला हीटर. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. दीड मीटर रुंदीची स्प्रूसची तबली मोकळी असती तर दिल्लीच्या एका वर्षात ती जवळपास एक सेंटिमीटरने रुंद-अरुंद झाली असती. पण ती चहूबाजूंनी चौकटीला चिकटवलेली आहे. पावसाळ्यात तिला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून लाकडाचे तंतू आतल्या आत चेपले जातात. उन्हाळ्यात आकसताना ते चेपलेले तंतू पूर्ववत फुलत नाहीत, आणि फळी तडकते. म्हणजे जूनमध्ये दिसणाऱ्या चिरेचं मूळ आदल्या ऑगस्टमध्ये असतं.

खुंट्यांचंही तेच. त्या ज्या जाड लाकडी ठोकळ्यात ठोकलेल्या असतात त्याला कारागीर पिनब्लॉक म्हणतात. तो बीच किंवा मेपलच्या कठीण लाकडाच्या थरांचा असतो, आणि खुंट्या नुसत्या घर्षणाने त्यात उभ्या राहतात. ना पेच, ना नट. दमट दिवसांत फुगणारं लाकूड पोलादी खुंटीवर चेपलं जातं, कोरड्या दिवसांत ते मागे सरतं आणि भोक कणभर सैल होतं. असे पन्नास-साठ उन्हाळे-पावसाळे गेले की खुंटी तारेची ओढ धरू शकत नाही. सकाळी मिळवलेला स्वर संध्याकाळपर्यंत उतरतो.

सगळ्यात मोठा धोका एका हवेतून दुसऱ्या हवेत जाण्याचा. समुद्रकाठी ऐंशी वर्षं राहिलेला पियानो मार्चमध्ये ट्रकने द्वारकेत येतो आणि दोन महिन्यांत त्याच्या लाकडातला आयुष्यभराचा ओलावा निघून जातो. मुंबईत ज्या खुंट्या किल्लीला दाद देत नव्हत्या त्या जूनमध्ये सहज फिरू लागतात. घरची माणसं म्हणतात, ट्रकवाल्यांनी आपटला असेल. बहुतेक वेळा दोष ट्रकचा नसतो.

दिल्लीच्या घरांत आणखी एक गोष्ट आहे, कूलर. लूच्या दिवसांत वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून वारा सोडणारा हा डबा खोलीची आर्द्रता काही तासांत वीसवरून साठ-सत्तर टक्क्यांवर नेतो आणि बंद केला की हवा पुन्हा कोरडी. माणसाला हा गारवा हवासा वाटतो. पियानोच्या लाकडाला मात्र तो रोज एक पावसाळा आणि एक उन्हाळा दाखवतो. पियानो कूलरच्या वाऱ्यात कधीच नसावा. एसीदेखील चालू-बंद होत राहण्यापेक्षा एकसारखा चाललेला बरा. पियानोला चाळीस ते साठ टक्क्यांमधली, शक्यतो न हलणारी हवा मानवते. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर टांगला तर हे सगळं डोळ्यांना दिसतं.

तपासणी

ग्रँड पियानो तपासायला कारागिराला फार साधनं लागत नाहीत. तबलीचा फुगवटा बघायला दोरा पुरतो. पियानोखाली शिरून दोन आधारपट्ट्यांच्या मधल्या जागेत, तबलीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून धरायचा. मधोमध दोरा आणि लाकूड यांत फट दिसली तर फुगवटा शाबूत आहे. दोरा लाकडाला टेकला तर फुगवटा गेला. मग बोटाच्या पेराने तबली ठोकत जायचं. आधारपट्टी सुटली असेल तिथे आवाज खडखडतो.

चीर दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. चिरेच्या दोन्ही कडा आधारपट्ट्यांना घट्ट चिकटलेल्या असतील तर पियानो वर्षानुवर्षं छान वाजतो. चीर गुणगुणायला लागली तरच ती भरायची. भरायची म्हणजे तिची कड साफ करून तिथे स्प्रूसचीच पातळ फाचर सरसाने बसवायची. हे काम कोरड्या दिवसांत करतात. चीर सर्वांत रुंद उघडलेली असताना फाचर बसली तर पावसाळ्यात ती आणखी घट्ट होते. दिल्लीत यासाठी मे महिना सोयीचा.

खुंट्यांची पकड मोजायला पीळ मोजणारी किल्ली मिळते. नव्या पिनब्लॉकमध्ये खुंटी फिरवायला दहा-बारा न्यूटन-मीटर किंवा त्याहून जास्त जोर लागतो. तो पाचाच्या आसपास आला की ती तार धरणार नाही. सगळ्या खुंट्या थोड्या-थोड्या सैल असतील तर त्या काढून एक माप जाड खुंट्या ठोकता येतात. मूळ खुंटी साधारण सात मिलिमीटर व्यासाची. पुढचं माप तिच्यापेक्षा मिलिमीटरच्या जेमतेम दशांशाने जाड. पिनब्लॉकला भोकांच्या रांगेतून चीर गेली असेल तर मात्र जाड खुंट्या ठोकणं म्हणजे त्या चिरेत पाचर मारणं. तिथे पिनब्लॉकच नवा करावा लागतो. त्यासाठी बिडाची चौकट उचलावी लागते, आणि ती शंभर-दीडशे किलोंची असल्याने साखळीच्या पुलीशिवाय हलत नाही. हे काम सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर होत नाही. पाय आणि पेडल काढून, पियानो आडवा करून, फळीवर बांधून तो कारखान्यात न्यावा लागतो. बहुतेक प्रवासी लिफ्टमध्ये तो मावत नाही, म्हणून जिना मोजून ठेवणं हाही दुरुस्तीचाच भाग.

उतरवणं आणि चढवणं

तपासणीत लाकूड पास झालं, तरच तारा.

जुन्या तारा एका टोकापासून कापत जाणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक. बीड दाब सोसतं, पण एकतर्फी पिळाला ते कच्चं असतं. एका बाजूची ओढ गेली आणि दुसऱ्या बाजूची तशीच राहिली तर चौकट तडकू शकते, आणि तडकलेलं बीड जोडणं फार कठीण. म्हणून सगळ्या पियानोभर फिरत प्रत्येक खुंटी थोडी-थोडी सैल करायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि अशा तीन-चार फेऱ्यांत ओढ समान उतरवायची.

उतरवण्याआधी प्रत्येक तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहायची. वरच्या सप्तकातली सगळ्यात बारीक तार जेमतेम ०.८ मिलिमीटर, खालची जाड तार १.२ च्या आसपास, आणि मधली मापं ०.०२५ मिलिमीटरच्या पायरीने वाढत जातात. इतका बारीक फरक बोटाला कळत नाही, पण कानाला कळतो. गंजलेली तार मोजताना आधी गंज पुसावा लागतो, नाहीतर माप जाड येतं. पूर्वी कोणी चुकीची तार घातली असेल तर तीही वहीत उतरते, म्हणून शेजारच्या मापांशी ताडून बघायचं.

खर्जाच्या तारा वेगळ्या. पोलादी तारेवर तांब्याची तार गुंडाळून त्या जड केलेल्या असतात, कारण नुसती लांबी वाढवून इतका खालचा स्वर काढायचा तर पियानो खोलीत मावणार नाही. या तारा बाजारात तयार मिळत नाहीत. आतल्या तारेची जाडी, वरच्या तांब्याची जाडी, गुंडाळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सगळं मोजून त्याच पियानोसाठी करवून घ्याव्या लागतात. जुन्या खर्जाचा आवाज "धप्प" येतो, त्याचं कारण बहुतेकदा तांब्याच्या वेढ्यांमध्ये साचलेली धूळ आणि काट.

आता तार चढवण्याची वेळ. कारागीर हातात सुती मोजे घालतो. तळहाताचा घाम नव्या पोलादाला लागला की दिल्लीच्या जुलैत आठवड्याभरात तिथे गंजाचा ठिपका उमटतो. तारेचं टोक खुंटीच्या भोकात घालून तो खुंटी एका हँडलमध्ये धरतो आणि तारेला ताण देत तीन वेढे घालतो. वेढे एकमेकांना चिकटून, एकाखाली एक, सरळ बसले पाहिजेत. एक वेढा दुसऱ्यावर चढला तर तार पुढे वर्षभर तिथेच सरकत राहते आणि स्वर टिकत नाही. मग तो खुंटी भोकात ठेवून हातोडीने ठोकतो, आणि वेढा व बिडाची चौकट यांच्यात काही मिलिमीटर जागा सोडतो. तार पुढे पितळी छिद्रातून जाते, घोडीवरच्या दोन तिरक्या खिळ्यांमधून नागमोडी वळते, चौकटीच्या टोकाच्या खिळ्याला वळसा घालते आणि परत येऊन शेजारच्या खुंटीला बांधली जाते. म्हणजे तारेचा एकच तुकडा दोन तारांचं काम करतो. वळशाच्या ठिकाणी तार हातोडीच्या हलक्या ठोक्याने खिळ्यालगत बसवावी लागते. ती हवेत राहिली तर स्वर टिकत नाही.

पहिलं मिळवणं हातोड्यांशिवाय होतं. पट्ट्या आणि हातोड्यांची यंत्रणा बाहेर काढलेली असते. ट्यूनर नखीने तारा छेडत त्यांना अंदाजाने स्वरावर आणतो. ते एकदा झालं की दुसऱ्या दिवशी सगळा पियानो पुन्हा उतरलेला असतो. नवी तार ताणाखाली लांबते, वळणं सरळ होत जातात, वेढे आवळतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा आणि पहिल्या वर्षात त्यानंतर चार-पाच वेळा तरी मिळवल्याशिवाय नव्या तारा बसत नाहीत. वर्षातून एकदा ट्यूनर बोलावण्याची सवय असलेल्या घराला हा खर्च आधीच सांगून ठेवावा.

कुठल्या स्वरात?

आज जगभर मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांची धरतात. १९३९ च्या लंडन परिषदेत हे ठरलं. पण जुने पियानो त्याआधीचे आहेत. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवलं होतं, आणि इंग्लंडच्या वाद्यवृंदांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ४५२ च्या आसपासचा चढा स्वर चालत असे. त्यामुळे १८८० च्या दशकातल्या लंडनी पियानोची चौकट आजच्याहून चढ्या स्वराची ओढ सोसलेली असू शकते.

ओढ स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४३५ वरून ४४० वर जायचं तर ओढ सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढते. फारसं काही नाही. पण वर्षानुवर्षं न मिळवलेला पियानो अर्धा स्वर उतरून ४१५ वर आलेला असेल आणि त्याला एका दिवसात ४४० वर खेचला, तर ओढ बारा टक्क्यांनी वाढते. सतरा टनांच्या पियानोत हे जवळपास दोन टन झाले. जुन्या तारा अशा वेळी पटापट तुटतात, आणि तबलीच्या झोपलेल्या चिरा उघडतात. लाकडाबद्दल शंका असेल तर काही कारागीर पियानो ४३५ वर किंवा अर्धा स्वर खालीच ठेवतात. एकट्याने वाजवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. सोबत बासरी किंवा व्हायोलिन असेल तर मात्र त्यांना जुळवून घ्यावं लागतं. काळी एक की काळी दोन यावर गायकाशी तडजोड करायची सवय असलेल्या आपल्या साथीदारांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

जे जुनंच ठेवायचं

दुरुस्तीत सगळं नवं करायचा मोह होतो. हातोड्यांचं फेल्ट कसरीने खाल्लं असेल तर ते बदलावं लागतं. नुसतं तारांच्या खुणा पडून कडक झालं असेल तर वरचा थर घासून आणि सुयांनी टोचून पुन्हा मऊ करता येतं. पट्ट्यांवरच्या हस्तिदंताचा प्रश्न निराळा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्यातल्या १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. तुटलेल्या पट्टीसाठी हस्तिदंत विकत घेता येत नाही. मग तुटलेल्या पट्टीवर जवळच्या रंगाचं प्लॅस्टिक बसवायचं आणि शाबूत हस्तिदंत तसंच राहू द्यायचं, किंवा सगळ्या पट्ट्या एकसारख्या करायच्या. पहिला मार्ग दिसायला थोडा विसंगत, पण वाद्याशी प्रामाणिक.

बाहेरचं फ्रेंच पॉलिश सगळ्यात शेवटी. विक्रेते उलट करतात: आधी पॉलिश, मग जमलं तर तारा, आणि पिनब्लॉककडे कोणी बघत नाही. चकचकीत केलेला जुना ग्रँड विकत घेताना गिऱ्हाइकाने किल्ली मागावी आणि दोन खुंट्या स्वतः फिरवून बघाव्यात.

प्रत्येक पियानो तारा बदलण्याच्या लायकीचा नसतो. स्वस्त बनावटीचा, पिनब्लॉक आणि तबली दोन्ही गेलेला छोटा ग्रँड दुरुस्त करायला लागणारे पैसे त्याच्या किमतीहून अधिक होतात. तो आजोबांचा असेल तर भाग वेगळा. पण तो खर्च भावनेचा आहे हे माहीत असलेलं बरं.

बाहेरून द्वारकेत आलेल्या पियानोसाठी कामाचा क्रम असा. तो खिडकीच्या उन्हापासून आणि कूलरच्या वाऱ्यापासून दूर, आतल्या भिंतीला लावायचा. शेजारी आर्द्रतामापक टांगायचा. त्याने द्वारकेचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढेपर्यंत तारांना हात लावायचा नाही. फार तर आहे त्या स्वरात, न खेचता, मिळवून घ्यायचा. जूनमध्ये तबलीच्या चिरा बघायच्या. ऑक्टोबरमध्ये हवा स्थिरावली की खुंट्या पुन्हा मोजायच्या. त्या धरून असतील तर तारांची मागणी नोंदवायची. नसतील तर तारांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आधी पिनब्लॉक करून घ्यायचा.